महाविद्यालय बदलताना

मुलामुलींनो, आज तुम्ही शाळेत आहात. दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालय आणि बारावीनंतर पदवीचा वर्ग, असा पुढचा रस्ता आहे. या रस्त्यावर काही जणांना मध्येच महाविद्यालय बदलावे लागते. वडिलांची बदली होते. घर दुसऱ्या गावी हलते. हवा तो विषय जवळच्या महाविद्यालयात नसतो. एखाद्या मुलीचे लग्न ठरते आणि सासरच्या गावी तिला शिक्षण पुढे चालू ठेवायचे असते.

अशा वेळी कोणती कागदपत्रे लागतात, हे कार्यालयातले कारकून सांगतात. पण आपण जाणार आहोत, हे शिक्षकांना आणि मित्रमैत्रिणींना कसे सांगावे, कधी सांगावे, हे कोणी शिकवत नाही. म्हणून पुष्कळ मुले सांगतच नाहीत. जूनमध्ये वर्ग भरतो. हजेरी घेताना एका नावाला उत्तर येत नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "सर, तो गेला." एवढ्यावर विषय संपतो.

आधी एका शब्दाची गंमत पाहू. उर्दूत 'दाख़िला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. त्यामुळे महाविद्यालयाच्या खिडकीवर "दाखला पाहिजे" असे तुम्ही म्हणालात, तर कारकुनाला वाटेल की तुम्हाला महाविद्यालय सोडायचे आहे! प्रवेश हवा असेल तर "प्रवेश पाहिजे" किंवा "अ‍ॅडमिशन पाहिजे" असेच म्हणावे. 'रजा' या शब्दाचेही असेच आहे. उर्दूत 'रज़ा' म्हणजे संमती, तर मराठीत 'रजा' म्हणजे सुट्टी. 'ख़ुलासा' म्हणजे उर्दूत सारांश, पण मराठीत 'खुलासा करा' म्हणजे कारण स्पष्ट करून सांगा. प्राचार्यांनी खुलासा मागितला आणि तुम्ही सारांश लिहून दिलात, तर पंचाईत होईल. मात्र 'अर्ज', 'मुदत', 'शिफारस', 'मंजूर', 'हजेरी' हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. ते मराठीत येऊन इतके रुळले आहेत की परके वाटत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावजवळच्या एका गावात दोन मैत्रिणी राहतात. दोघी मालेगावच्या महाविद्यालयात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहेत. रोज सकाळी सात वाजता त्या एस.टी.ने निघतात. सवलतीचा पास दोघींनी एकाच दिवशी काढलेला आहे. गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या मुली एवढ्याच. बारावीनंतर दोघींच्या घरी एकच वाक्य बोलले गेले होते : "दोघी बरोबर आहेत ना, मग जाऊ द्या."

त्यांपैकी एकीला गणिताची फार आवड आहे. तिला गणित हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवायची आहे. तिच्या महाविद्यालयात गणित शिकवतात, पण मुख्य विषय म्हणून त्याची सोय नाही. नाशिकला ती सोय आहे. नाशिकला तिची खाला राहते. खालाने "माझ्याकडे राहा" असे म्हटले आहे. अब्बांनी बराच विचार करून होकार दिला आहे. हे सगळे फेब्रुवारीत ठरले. नवे वर्ष सुरू व्हायला अजून चार महिने आहेत.

तिने नाशिकच का निवडले? मालेगावहून धुळे नाशिकपेक्षा जवळ आहे. पण महाविद्यालय बदलताना अंतरापेक्षा विद्यापीठ महत्त्वाचे असते. मालेगाव आणि नाशिक ही दोन्ही शहरे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. धुळे मात्र जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आहे. एकाच विद्यापीठातल्या एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जायचे असेल, तर ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट लागते. विद्यापीठच बदलायचे असेल, तर जुन्या विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट घ्यावे लागते आणि नव्या विद्यापीठात पात्रता तपासून घ्यावी लागते. अभ्यासक्रमही वेगळा असू शकतो. पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल, तर अडचण आणखी वाढते. २०२१ सालापासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे त्याच्या नावावर जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेला ते पाहता येतात. त्यामुळे काम थोडे सोपे झाले आहे. तरी दाखल्याची गरज काही संपलेली नाही.

आता सांगण्याचा प्रश्न. आपल्या विद्यार्थिनीने पहिल्यांदा कोणाला सांगावे? माझ्या मते, घरचे बोलणे झाले की अर्ज करण्यापूर्वी तिने गणिताच्या सरांना भेटावे. अर्ज कार्यालयात गेला की तो विभागप्रमुखांच्या टेबलावर शेऱ्यासाठी येऊ शकतो. ज्या सरांनी वर्षभर शिकवले, त्यांना ही बातमी शिपायाने आणलेल्या फाइलमधून कळावी, हे बरे नाही. शिवाय सरांना जे माहीत असते, ते कार्यालयाला माहीत नसते.

भेटायला जाताना दोन तासांच्या मधली पाच मिनिटे धरू नयेत. जिन्यात, गर्दीत बोलू नये. दुपारी विभागात सर निवांत बसलेले असतात, ती वेळ चांगली.

"सर, आत येऊ का? तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

"ये. बस."

"सर, मला गणित घेऊन पदवी करायची आहे. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून पुढच्या वर्षी नाशिकला जायचा विचार आहे. घरी बोलणं झालं आहे. अर्ज अजून केलेला नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हणून आले."

सर थोडा वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "हा विषय इथे सुरू व्हावा म्हणून मी कधीपासून मागे लागलो आहे. दर वेळी एकच प्रश्न येतो, मुलं किती आहेत? तुझं नाव मी मनात धरलं होतं."

"माफ करा, सर."

"माफी कसली त्यात? बरं, नाशिकच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, विचारलंस?"

"नाही, सर."

"मग आधी ते विचार. तिथली जागा पक्की झाल्याशिवाय इथला दाखला काढू नकोस. इथली जागा सोडलीस आणि तिथली मिळाली नाही, तर वर्ष फुकट जाईल. आणि उद्या तुझी वही घेऊन ये. कुठले भाग कच्चे आहेत ते पाहू. सुट्टीत ते करून घे."

हा संवाद पुन्हा एकदा वाचा आणि एका शब्दाकडे लक्ष द्या. मुलगी म्हणाली, "आपल्याकडे ती सोय नाही." ती "तुमच्याकडे" असे म्हणाली नाही. 'तुमच्याकडे' म्हटले असते, तर ती त्या क्षणीच महाविद्यालयाच्या बाहेर उभी राहिली असती. उर्दूत 'हमारा' या एका शब्दात दोन अर्थ सामावतात. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत. ज्याच्याशी आपण बोलतो तोही त्यात असेल, तर 'आपला'. तो त्यात नसेल, तर 'आमचा'. "आपलं महाविद्यालय" असे सरांशी बोलताना म्हणावे. "आमचं महाविद्यालय" असे नाशिकच्या खालाशी बोलताना म्हणावे. मराठी शिकणाऱ्यांची इथे नेहमी गल्लत होते आणि ऐकणाऱ्याला उगाच टोचते.

तिने "जायचा विचार आहे" असे म्हटले, तेही योग्यच. जागा पक्की नव्हती, तेव्हा "मी जाणार आहे" हे खरे झाले नसते. कारणही तिने खरे सांगितले. काही मुले अवघडलेपणा टाळायला खोटे कारण देतात : "अब्बांची बदली झाली." गाव लहान असते. आठ दिवसांत सरांना अब्बा त्याच दुकानात बसलेले दिसतात. त्यानंतर शिफारसपत्र मागायला कोणत्या तोंडाने जायचे? दुसरी काही मुले जाता जाता महाविद्यालयाची निंदा करतात. प्रयोगशाळा वाईट, ग्रंथालय वाईट, शिकवणे वाईट. त्यात थोडे खरे असेलही. पण जे शिक्षक तिथेच राहणार आहेत, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

इथे एका थोर माणसाची आठवण येते. १९२० च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडा, असे त्यांनी तिथल्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आवाहन केले. डॉ. झाकीर हुसेन तेव्हा तेवीस वर्षांचे होते. ते त्या कॉलेजात शिकत होते आणि शिकवण्याचेही काही काम करत होते. ते आणि त्यांचे काही सोबती उघडपणे कॉलेज सोडून बाहेर पडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. पुढे १९२५ साली जामिया दिल्लीला हलवण्यात आली. १९२६ पासून १९४८ पर्यंत डॉ. झाकीर हुसेन तिचे कुलगुरू होते. आणि १९४८ साली काय झाले? जे कॉलेज त्यांनी सोडले होते, त्याचे एव्हाना अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले होते. त्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर त्यांनाच बोलावण्यात आले. १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. त्यांचे सोडणे देशासाठी होते, आपले विषयासाठी किंवा घरच्या अडचणीसाठी असते. दोन्हींची बरोबरी नाही. पण सोडलेल्या दारातून पुन्हा आत जाण्याची वेळ येऊ शकते, हे मात्र यावरून दिसते.

आता मैत्रिणीकडे वळू. खरी कठीण गोष्ट हीच आहे.

सरांना सांगितल्यावर तिने त्याच दिवशी, परतीच्या एस.टी.त मैत्रिणीला सांगितले. दुसऱ्या दिवसावर ढकलले नाही. कारण विभागात आणखी दोघे जण होते, आणि बातमी पायांनी चालत नाही, ती उडते. आता तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ती क्षणात पोचते.

"ऐक ना. मी पुढच्या वर्षी बहुतेक नाशिकला जाईन. गणितासाठी."

मैत्रीण खिडकीबाहेर पाहत राहिली. दोन थांबे गेले. मग तिने विचारले, "मग मी?"

"म्हणजे?"

"तू नसलीस तर अब्बा मला एकटीला पाठवतील का?"

हा प्रश्न रागाचा नाही आणि रडण्याचाही नाही. तो सरळ हिशेबाचा प्रश्न आहे. गावातल्या पुष्कळ मुली अशाच जोडीने शिकतात. एकीचे शिक्षण दुसरीच्या आधाराने चाललेले असते. म्हणून एकीने सोडले की दुसरीचेही सुटण्याची भीती असते. जी मुलगी हे चार महिने आधी सांगते, ती मैत्रिणीला चार महिने देते. जी जूनमध्ये सांगते किंवा सांगतच नाही, ती तिला काहीच देत नाही. अवघड वाटते म्हणून गप्प बसणाऱ्यांना मी इथे सूट देणार नाही.

त्या दोघींनी पुढे काय केले? आधी त्यांनी गावात चौकशी केली. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी बारावीची परीक्षा देत होती. जूनमध्ये तीही मालेगावला जाणार होती, पण तिच्या घरीही हाच प्रश्न होता : बरोबर कोण? मग एका शुक्रवारी नाशिकला जाणारी मुलगी आपल्या अम्मीला घेऊन मैत्रिणीच्या घरी गेली. अम्मीने चहा घेताना विषय काढला. पलीकडच्या गल्लीतल्या मुलीचे सांगितले. सकाळच्या एस.टी.त मालेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई रोज असतात, तेही सांगितले.

मैत्रिणीच्या अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "बघू."

'बघू' हा शब्द नीट समजून घ्या. मराठीत तो होकार नाही आणि नकारही नाही. कधी तो टाळण्यासाठी असतो, कधी खरोखर विचार करण्यासाठी असतो. फेब्रुवारीतल्या 'बघू'चा जूनपर्यंत होकार होऊ शकतो. मार्चमध्ये मैत्रिणीच्या अम्मी त्या पलीकडच्या गल्लीतल्या घरी स्वतः जाऊन आल्या.

वर्गातल्या इतरांना सांगण्यात एवढे काही नाही. जागा पक्की झाल्यावर सांगितले तरी चालते. जवळच्या माणसाच्या आधी गटावर टाकू नये, एवढे सांभाळले की पुरे. कोणी चिडवतील, "आता काय, मोठ्या शहरात जाणार!" हसून सोडून द्यावे.

एप्रिलमध्ये नाशिकहून जागा असल्याचे कळले. निकाल लागल्यावर, जुलैमध्ये, तिने पुढील अर्ज केला. त्याची भाषा पाहा. कार्यालयाला हकीगत नको असते, नेमकी मागणी हवी असते.

प्रति,
मा. प्राचार्य,
यांच्या सेवेशी,

विषय : महाविद्यालय सोडल्याचा दाखला व ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष विज्ञान शाखेत शिकत होते. मी प्रथम वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. मला गणित हा मुख्य विषय घेऊन पदवीचे शिक्षण घ्यायचे आहे. त्यासाठी नाशिक येथील महाविद्यालयात द्वितीय वर्षासाठी मला तात्पुरता प्रवेश मिळाला आहे. प्रवेश कायम करण्यासाठी वरील दोन्ही प्रमाणपत्रांची आवश्यकता आहे. ग्रंथालय व प्रयोगशाळा यांची कोणतीही बाकी माझ्याकडे नाही. तशी प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत.

तरी कृपया वरील प्रमाणपत्रे लवकरात लवकर मिळावीत, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी

या अर्जात "सरांना वाईट वाटले", "मैत्रिणीचे काय होणार" यांतले काही नाही. ते तोंडाने बोलायचे होते, आणि ते बोलून झाले होते.

अर्ज देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. म्हणजे शिक्का आणि तारीख घालून घ्यावी. दाखला हाती आला की नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव बरोबर आहे का, हे खिडकीपाशीच तपासावे. नंतर दुरुस्तीसाठी नाशिकहून परत यावे लागेल. दाखल्याच्या दोन-तीन छायाप्रती काढून ठेवाव्यात. प्रयोगवह्यांवर शिक्षकांच्या सह्या राहिल्या असतील, तर त्या घ्याव्यात. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची सवय असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली महाविद्यालयांना असे करण्यास मनाई केली आहे, हे लक्षात ठेवावे आणि नम्रपणे सांगावे. प्रवेशाच्या वेळी ग्रंथालयासाठी अनामत रक्कम भरलेली असते. 'अनामत' म्हणजे तुमच्या उर्दूतली 'अमानत'च. ती परत मिळते, पण मागावी लागते, आणि मागताना पावती लागते. म्हणून ती पावती पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.

शब्दार्थ

पंचाईत होणे – अडचण होणे. रुळणे – सवयीचे होणे. शेरा – अर्जावर लिहिलेले मत. गल्लत – घोटाळा. निंदा – वाईट बोलणे. पोच – कागद मिळाल्याची खूण. बाकी – द्यायची राहिलेली रक्कम किंवा वस्तू.

स्वाध्याय

१. 'दाखला', 'रजा', 'खुलासा' या शब्दांचे मराठीतील आणि उर्दूतील अर्थ लिहा. असे आणखी दोन शब्द शोधा.
२. विद्यार्थिनीने धुळ्याऐवजी नाशिक का निवडले?
३. "तुझं नाव मी मनात धरलं होतं," असे सर का म्हणाले?
४. 'आपला' किंवा 'आमचा' यांपैकी योग्य शब्द वापरा : (अ) सर, ...... वर्ग उद्या किती वाजता आहे? (आ) खाला, ...... गावात एस.टी. सातला येते.
५. मैत्रिणीचे अब्बा आणि विद्यार्थिनीची अम्मी यांच्यातील संवाद दहा वाक्यांत लिहा. 'बघू' हा शब्द कोणत्या वाक्यानंतर येतो, ते तुम्ही ठरवा.